आज्ञाधारकाचे पाप

लॅब्रॅडॉर जातीच्या पिलाला शिकारीसाठी तयार करणाऱ्या माणसाचा बहुतेक काळ त्या पिलाला थांबायला शिकवण्यात जातो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटली तरी तिच्या पोटात एक फार जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. सात-आठ आठवड्यांचे पिल्लू आईपासून वेगळे होऊन धन्याच्या घरी येते, तेव्हा फेकलेली वस्तू तोंडात धरून परत आणण्याची ओढ त्याच्या रक्तात आधीच असते. न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर कोळ्यांच्या नावांबरोबर राहून पाण्यातून दोर नि निसटलेले मासे काढून आणणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातून ब्रिटनमधील सरदारांनी एकोणिसाव्या शतकात ही जात जोपासली, आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. ओढ जन्मजात, संयम मात्र शिकवावा लागतो. अरुंद बोळात गुंडाळलेला मोजा टाकून तो घेऊन पिल्लाने आपल्याकडेच यावे, त्याच्यामागे आपण धावू नये, त्याच्या तोंडातली वस्तू ओढू नये, इथपासून आरंभ होतो. मग कॅनव्हासची भरलेली पिशवी येते, मग तिला बांधलेली पिसे, मग दूर अंतरावरून ऐकवलेला आणि हळूहळू जवळ आणलेला बंदुकीचा बार, मग उथळ पाणी, आणि अखेरीस मेलेला पक्षी. या साऱ्या अभ्यासक्रमाचे शिखर म्हणजे डोळ्यांसमोर पक्षी आकाशातून कोसळत असताना, सर्वांग थरथरत असतानाही, हुकूम होईपर्यंत जागचे न हलणे; आणि हुकूम झाल्यावर तो पक्षी इतक्या मऊ तोंडाने आणणे की त्याच्या अंगावर दाताची एकही खूण उमटू नये.

आता प्रश्न असा की, या प्राण्याने मारले कोणाला? बंदूक त्याची नाही, नेम त्याचा नाही, मांसही त्याच्या वाट्याचे नाही. तो केवळ दुसऱ्याने मारलेले उचलून आणतो, आणि तेही आज्ञेवाचून नाही. तरीही त्याच्यावाचून ती शिकार पुरी होत नाही. हिंसेच्या या साखळीत त्याची जागा कोणती, त्याच्या वाट्याला काही पाप येते का, आणि येत नसेल तर ते कोणाच्या खात्यावर जमा होते?

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न परका नव्हता. अर्थशास्त्रात गायरानांच्या बंदोबस्तासाठी कुत्र्यांचे कळप बाळगणारे पारधी नेमलेले आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एरवी अस्पृश्य मानलेल्या कुत्र्याचे तोंड हरीण धरण्याच्या कामी शुद्ध ठरवले आहे. आणि त्याच अध्यायात घातकांची जी गणना केली आहे, तिच्यात प्रत्यक्ष मारणाऱ्याबरोबर अनुमती देणारा, तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, आणून वाढणारा आणि खाणारा या सर्वांना एकाच पंक्तीस बसवले आहे. आणून देणाऱ्याचा उल्लेख तेथे आहे. आणून देणाऱ्या कुत्र्याचा नाही. आपस्तंबाच्या धर्मसूत्रानेही स्वर्ग-नरकाच्या फळाचे वाटेकरी सांगताना करणाऱ्याबरोबर करवणारा आणि संमती देणारा यांना धरले आहे, आणि या नियमाचा रोख उघडच माणसांवर आहे. पूर्वमीमांसेवरील आपल्या भाष्यात शबरस्वामींनी तर पूर्वपक्ष म्हणून एक मौजेचा मुद्दा मांडला आहे: कुत्री चतुर्दशीला आणि ससाणे अष्टमीला उपाशी राहताना दिसतात, मग पशूंनाही धर्मकर्माचा अधिकार का नसावा? त्याचे उत्तर ते असे देतात की, पशूंना पुढच्या लोकाचे फळ कळत नाही, शास्त्र त्यांनी ऐकलेले नाही, म्हणून त्यांचा उपवास हे व्रत नव्हे. अन्न न खाण्याला आजारासारखी दुसरी कारणे असतात.

हे उत्तर मान्य केले तर त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते, आणि ती माणसाला सोयीची नाही. ज्याला पुण्याचा अधिकार नाही त्याला पापाचाही नाही. शिकारी कुत्र्याच्या कर्माचा हिशेब त्याच्या नावावर मांडता येत नसेल, तर तो हिशेब नाहीसा होत नाही. ज्याने ते कर्म त्याच्या अंगी बाणवले त्याच्या नावावर तो जसाच्या तसा चढतो. माणूस नोकराकरवी पाप करवतो तेव्हा नोकर निदान काही अंशी तरी वाटेकरी होतो, कारण त्याला नाही म्हणता आले असते. कुत्र्याकरवी करवलेल्या कर्मात मात्र वाटेकरी नसतो. जितका शिष्य निरागस, तितका गुरू संपूर्ण जबाबदार.

येथे शिकारीचा समर्थक एक गंभीर आक्षेप घेईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तो म्हणेल की, अशा कुत्र्यामुळे क्रौर्य वाढत नाही, उलट घटते. जखमी होऊन लव्हाळ्यात पडलेले बदक कुत्र्याने शोधून आणले नाही तर ते दोन दिवस तडफडत मरते. हे खरे आहे. परंतु आपणच केलेल्या जखमेची वेदना कमी करणे हे फार तर प्रायश्चित्त होईल, त्याला पुण्याचे नाव देता येणार नाही. महाभारतातील मिथिलेचा धर्मव्याध याहून अधिक प्रामाणिक आहे. तो स्वतः प्राणी मारत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. तरी कौशिक ब्राह्मणापुढे तो आपल्या धंद्याला निर्दोष म्हणत नाही. आपल्या व्यवसायाचे घोरपण कबूल करूनच नांगराखालीही असंख्य जीव मरतात हे तो सांगतो, म्हणून त्याच्या वाणीला वजन आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या आमच्या दोन तालुक्यांत हा विचार केवळ पोथीतला राहत नाही. पश्चिमेकडच्या डोंगरी वस्त्यांत रानडुकराच्या हाक्याला गावठी कुत्री नेण्याचा प्रघात पूर्वापार होता, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केल्यावर त्या कुत्र्यांचे पिढीजात काम कागदोपत्री तरी संपले. पठारावर खंडोबाची ठाणी आहेत, आणि घोड्यावरच्या त्या देवाच्या चित्रात त्याच्या बरोबरीने धावणारे कुत्रे नसले तर भाविकाला ते चित्र अपुरे वाटते. मेंढपाळाच्या वाड्याभोवती रात्रभर फिरणारा कुत्रा हा याच भक्तीचा व्यवहारातला अंश होय. आणि याच मुलखात, आळे या गावी, एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याने आळ्यास देह ठेवला असे वारकरी मानतात, आणि समाधीच्या दर्शनाला आजही लोक जातात. पशूला शास्त्राचा अधिकार नाही असे मीमांसक म्हणत होते. संतपरंपरेने एका पशूला समाधी देऊन त्यांना वादात न पडता उत्तर दिले. त्या कथेचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो: रेड्याच्या पाठीवर पडलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, असे सांगतात. जनावराला मारूनमुटकून शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही कथा आपल्या हाताला ऐकवावी.

कारण पशूला कर्माचा अधिकार नसेल, पण आपल्यावर अन्याय होऊ नये हा अधिकार त्याला आहे, आणि तो महाभारताने आरंभीच मान्य केला आहे. जनमेजयाच्या यज्ञात सरमा या देवशुनीच्या पिलाला राजाच्या भावांनी विनाकारण बडवले, तेव्हा त्याने हविष्याकडे पाहिलेही नव्हते, चाटणे तर दूरच. सरमा यज्ञमंडपात येऊन राजाला विचारते की निरपराधाला का मारले, आणि कोणाजवळही उत्तर नसल्यामुळे तिच्या शापाचे भय राजाच्या मनात घर करते. त्याच ग्रंथात पांडवांच्या शिकारी लवाजम्यातला एक कुत्रा वनात भरकटतो, एकलव्याला पाहून भुंकतो, आणि सात बाणांनी त्याचे तोंड बंद होते. भुंकणे हेच त्याला शिकवलेले काम होते. त्याने आपले काम केले आणि शिक्षा भोगली. पांडव त्या धनुर्विद्येने विस्मित झाले, द्रोणांनी अंगठा मागितला, इतिहास पुढे सरकला. त्या कुत्र्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारले नाही. आज्ञाधारकाच्या नशिबी पुष्कळदा हेच येते.

आमच्या तालुक्यांत हा सात बाणांचा प्रसंग आज निराळ्या रूपाने घडतो. कुकडी आणि घोड नद्यांवरच्या धरणांनी पाणी आले, पाण्याबरोबर ऊस आला, आणि उसाच्या गर्दीत बिबट्याने बिऱ्हाड केले. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर परिसरात माणसांवर हल्ले वाढले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही, चिघळतो, हे तेव्हा ध्यानात आले, आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र या काळाचीच निष्पत्ती आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव नि गावठी कुत्र्यांचा आढळला. ज्या घरापुढे कुत्रा रात्रभर साखळीला बांधलेला असतो तेथे राखण करणारा आणि आमिष यांत फारसे अंतर उरत नाही. सुटा कुत्रा पळू शकला असता. बांधलेला कुत्रा मालकाच्या विश्वासावर तेथे उभा असतो. हौसेने आणलेल्या लॅब्रॅडॉरची अवस्था तर याहून केविलवाणी, कारण माणसाविषयी प्रेम, आज्ञेविषयी तत्परता आणि वैराचा अभाव हेच त्याच्या जातीचे गुण, आणि हे तिन्ही गुण बिबट्यापुढे निरुपयोगी.

मग कुत्र्याला काही शिकवूच नये काय? तसा निष्कर्ष मी काढत नाही. ओढ मारून टाकणे हाही एक प्रकारचा वधच होय. जुन्नरहून नाणेघाटाने कोकणात उतरणारी वाट ज्या सोपाऱ्याच्या बंदराकडे जात असे, तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात सम्राट सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत, आपण त्या जागी धर्मयात्रा सुरू केल्या. राजाची फिरण्याची, लोकांत मिसळण्याची, दरबार सोडून बाहेर पडण्याची हौस त्याने संपवली नाही. तिचा विषय बदलला. आणि पहिल्या शिलालेखात तर तो मनमोकळेपणाने नोंदवतो की, आपल्या पाकशाळेत अजून दोन मोर आणि एक हरीण मारले जाते, हरीणही नेहमी नाही, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. एका क्षणात निष्पाप झाल्याचा आव त्यात नाही. शिकारी कुत्र्याच्या शिक्षणालाही हीच रीत लागू पडते. जे नाक पाण्यातले बदक शोधत होते तेच नाक १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी झंजीर या लॅब्रॅडॉरने स्फोटकांच्या शोधाला लावले, आणि ३,००० किलोहून अधिक आरडीएक्स त्याच्यामुळे हाती लागले. शिकवण्याची पद्धत जवळजवळ तीच: वास ओळखायचा, शोधायचे, आणि सापडल्यावर झडप न घालता शांतपणे थांबायचे. मऊ तोंडाच्या जातीचा संयमच येथे शेकडो प्राण वाचवून गेला. झंजीरला त्यातले काही कळले नाही; ज्याप्रमाणे बदक आणणाऱ्या त्याच्या पूर्वजांना पापाचा स्पर्श नव्हता, त्याचप्रमाणे त्यालाही पुण्याचा नव्हता. दोन्हींचा जमाखर्च माणसाच्याच वहीत आहे.

तथापि उद्देश चांगला असला म्हणजे धनी ऋणमुक्त होतो, असेही समजू नये. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याला जो धोका आपण पत्करायला लावतो तो त्याने समजून पत्करलेला नसतो, आणि संमतीवाचून घेतलेल्या सेवेची भरपाई केवळ संरक्षणानेच होऊ शकते. महाप्रस्थानाच्या शेवटी इंद्राने रथ आणला आणि कुत्र्याला सोडून ये म्हटले, तेव्हा युधिष्ठिराने शरणागताला भय घालणे, स्त्रीवध, ब्राह्मणाचे धन लुबाडणे आणि मित्रद्रोह या चार पातकांच्या तोडीचे पाचवे म्हणून भक्ताचा त्याग सांगितला. त्याने त्या कुत्र्याला काही शिकवलेले नव्हते, त्याच्याकडून काही काम घेतलेले नव्हते. तो केवळ मागे मागे आला होता. एवढ्यावर जर त्याग पातक ठरतो, तर ज्याने पिलाला आठव्या आठवड्यापासून नाव दिले, थांब म्हणताच थांबायला शिकवले, आपल्यावाचून दुसरा आधार त्याला उरू दिला नाही, त्याच्यावरचे बंधन किती कडक असावे याचा विचार ज्याचा त्याने करावा.

म्हणून पिलाला शिकवायला बसणाऱ्याने तीन गोष्टी आधी स्वतःशी ठरवाव्यात असे मला वाटते. जे काम मी याच्याकडून करवणार आहे ते माझ्या स्वतःच्या हाताने, लोकांसमोर करायला मी तयार आहे का? जो संयम मी याच्याकडून मागतो आहे त्याचा निम्मा तरी माझ्या रागाच्या आणि हौसेच्या क्षणी माझ्याजवळ असतो का? आणि याची सेवा संपल्यावर, म्हातारपणी डोळे गेल्यावर, किंवा बिबट्याच्या रात्री, मी त्याला दाराच्या आत घेईन का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचकाने युधिष्ठिराच्या उंचीवरून देण्याची गरज नाही. उसाच्या बांधावरच्या घरात रात्री साखळी सोडून, लोखंडी जाळीच्या बंद खुराड्यात किंवा पडवीत कुत्र्याला आत घेणे एवढे ते साधे आहे. कुत्र्याला धर्म शिकवता येत नाही, हे शबरस्वामींचे म्हणणे खरेच आहे. पण कुत्र्याला शिकवताना माणसाला तो पाळावा लागतो, आणि त्या बाबतीत अधिकार नसल्याची सबब त्याला सांगता येत नाही.