अडुसष्ट अंशांपलीकडचे साहेब

माणसाचा खरा स्वभाव कोणता, थंड डोक्याचा की तापलेल्या? कॉमर्सच्या पदवीधराने असल्या प्रश्नात पडू नये. पण काउंटरमागे वीस वर्षे काढली की माणूस एक तर युनियनचा सेक्रेटरी होतो, नाहीतर तत्त्वज्ञ. सेक्रेटरीची जागा भरलेली होती.

परवा भाच्याने मला मेटासरफेस समजावून सांगितला. प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक ठिपके एका पापुद्र्यावर ओळीने मांडायचे. जाडजूड भिंगाचे काम तो पापुद्रा करतो. २०११ साली हार्वर्डच्या फेडेरिको कापासो यांच्या गटाने अशा पृष्ठभागावर अवरक्त प्रकाश हवा तसा वाकवून दाखवला. मात्र पापुद्रा एकदा घडला की त्याचे काम ठरून गेले. ते मागाहून बदलता यावे म्हणून काही जण त्यात व्हॅनेडियम डायऑक्साइड घालतात.

हा गृहस्थ मला भलताच ओळखीचा वाटला. साधारण ६८ अंश सेल्सिअसच्या खाली तो अवरक्त किरणांना मुकाट वाट देतो. त्याच्या वर गेला की धातूसारखा वागून तेच किरण परतवतो. बेल लॅबोरेटरीजच्या मॉरिन यांनी १९५९ सालीच त्याचा हा पालट नोंदवला. आमच्या साहेबांकडे सकाळी रजेचा अर्ज नेला तर आरपार जातो. दुपारी कॅश जुळत नसली की तोच अर्ज टेबलावर आपटून परत येतो. अर्ज तोच, साहेब तेच.

यातले खरे साहेब कोणते? आम्ही म्हणतो, ‘मनाने चांगले आहेत हो, जरा तापट एवढंच.’ आमची सौ. म्हणते, ‘तापल्यावरच माणूस कळतो.’ व्हॅनेडियमवाले दोघांनाही दाद देत नाहीत. अणू तेच असतात, फक्त जरा सरकून बसतात. दोन्ही रूपे अस्सल! मग दोष उन्हाळ्याचा म्हणायचा का? तसे म्हटले तर बायकोवर हात उचलणाराही सुटतो, आणि ते मला मान्य नाही. व्हॅनेडियमला आपला अंश ठाऊक नसतो. माणसाला चांगला ठाऊक असतो. टंगस्टन मिसळले की व्हॅनेडियमचा अंश खाली उतरतो. आपले टंगस्टन कोणते, जागरण, कर्जाचा हप्ता की दोन पेग, हे ज्याचे त्याला कळते.

आणखी एक गंमत. तापताना हा पदार्थ जिथे पालटतो, निवताना तिथेच परत येत नाही. आणखी काही अंश खाली यावे लागते. आमच्या शिपायाला हे भौतिकशास्त्र न शिकता येते. मी अर्ज घेऊन उठलो की तो केबिनच्या दाराशीच अडवतो, ‘थांबा भाऊसाहेब. कॅश जुळली, पण चहा अजून यायचाय.’