मेझुझा, शिडी आणि पिस्तूल



शब्बाथ संपल्यावर आर्वीथची प्रार्थना आटोपून आपली मंडळी सिनेगॉगच्या अंगणात घटकाभर बोलत उभी राहतात. हल्ली त्या घोळक्यात एक गोष्ट नजरेस येते. दहा पुरुषांपैकी दोघातिघांच्या सदऱ्याखाली, कमरेच्या एका अंगास, किंचित फुगवटा दिसतो. त्याविषयी कोणी बोलत नाही, कोणी विचारतही नाही. 7 ऑक्टोबर 2023 च्या कत्तलीनंतर आपल्या देशात खाजगी शस्त्राच्या परवान्याचे नियम सैल करण्यात आले. परवानाधारकास जवळ ठेवता येणाऱ्या काडतुसांची संख्या 50 वरून 100 झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दोन लाखांहून अधिक लोकांनी परवान्यासाठी अर्ज केले. दिमोना, अश्दोद, लोद, बेर शेवा येथील आपली माणसेही त्यांत होती.

शस्त्र बाळगावे की न बाळगावे, ह्या वादात आम्ही आज शिरत नाही. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे, पण आमच्या मते अधिक अडचणीचा आहे. बाळगलेच, तर त्याची निगा राखणे ही केवळ ज्याच्या त्याच्या सोयीची बाब आहे की ते धर्मकर्तव्य आहे?

हा प्रश्न आम्हांस पुस्तक वाचून सुचला नाही; खाली मान घालावी लागली तेव्हा सुचला. 2002 साली बसगाड्यांत आणि बाजारांत स्फोट होत होते. त्या दिवसांत आम्ही रीतसर परवाना काढून एक छोटेसे 9 मिलिमीटरचे पिस्तूल घेतले. रोज कमरेला लावावयाचे, रात्री तिजोरीत ठेवावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. उजळणीच्या सरावाची तारीख जवळ आली की त्या आठवड्यात ते उघडून पुसून काढावयाचे, एवढीच काय ती निगा. गेल्या वर्षी घरातल्या आजारपणात तेवढेही राहून गेले. सरावाच्या जागी पहिली गोळी सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर काहीच घडले नाही. रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी स्लाइडच्या खिडकीत उभीच्या उभी अडकून राहिली होती. शिकविणारा तरुण आमच्या नातवाच्या वयाचा. त्याने पिस्तूल उघडले, आतील कापसासारखा मळ व वाळू बोटावर घेऊन आम्हांस दाखविली आणि हळूच विचारले, "सब्बा, हे शेवटचे कधी उघडले होते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

लहान पिस्तुलाविषयी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ते मोठ्या पिस्तुलाचे नुसते छोटे रूप नव्हे. गोळी सुटली की स्लाइड धक्क्याने मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझीनमधील नवे काडतूस नळीत ढकलते. मोठ्या पिस्तुलात स्लाइड जड असते, तिला धावण्यास वाट लांब असते. लहानात स्लाइड हलकी आणि वाट आखूड; म्हणून स्प्रिंग अधिक ताठ बसवावी लागते, आणि पुढचे काडतूस वर उचलून धरण्यास मॅगझीनच्या स्प्रिंगला वेळही कमी मिळतो. थोडक्यात, चुकीला जागा कमी. थोडी घाण, थोडा कोरडेपणा, थकलेली स्प्रिंग, धरणाऱ्याचे ढिले मनगट, ह्यांपैकी एखादी गोष्टसुद्धा त्याला अडवू शकते. त्यातून हे शस्त्र अंगाशी असते. घाम त्याला लागतो, कपड्याचे तंतू त्यात जातात. अश्दोदची खारी हवा लोखंडाला गंज चढविते आणि नेगेवची धूळ तेलाला धरून बसते.

निगा म्हणजे तरी काय? प्रथम मॅगझीन काढावे, नळीची कोठी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे; मगच पुढचे काम. नळी व स्लाइडची वाट पुसावी, जेथे लोखंड लोखंडावर घासते तेथे थेंबभर तेल द्यावे. ह्या बाबतीत आपणांस फार शिकवावे लागू नये. आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात. तेल किती आणि कोठे, हे तेल्याच्या वंशजास कळले पाहिजे! तेल कमी पडले तर पिस्तूल अडते. जास्त झाले तर धूळ ओढते आणि काडतुसाच्या बुडाशी झिरपून त्याला निकामी करू शकते. तीच ती काडतुसे वर्षानुवर्षे वाहू नयेत. जुनी सरावात उडवून नवी घ्यावीत. एकच काडतूस पुन्हा पुन्हा नळीत चढवून उतरविले तर त्याची गोळी पुंगळीत मागे दबत जाते, आणि मग उडताना आतील दाब धोक्याइतका वाढू शकतो. लहान पिस्तुलाच्या स्प्रिंगा मोठ्यापेक्षा लवकर थकतात. कारखान्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्या बदलाव्यात. एवढेच. ह्यात कठीण काही नाही, महागही फारसे नाही. मग आमच्या हातून ते का झाले नाही?

ह्याचे उत्तर आम्हांस आमच्या दाराच्या चौकटीवर सापडले. मेझुझा आपण रोज पाहतो, स्पर्श करून हात ओठांस लावतो. पण आत गुंडाळलेल्या चर्मपत्रावरील अक्षरे शाबूत आहेत की दमटपणाने पुसली गेली, हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच तालमूदच्या योमा खंडात सांगितले आहे की, घरची मेझुझा सात वर्षांत दोनदा उघडून तपासावी. एक अक्षर जरी नाहीसे झाले असेल तरी वरचे आवरण कितीही सुंदर असो, दारावर मेझुझा नाही असेच समजावयाचे. आमच्या कमरेलाही असेच एक आवरण होते. आत काय उरले आहे हे आम्ही पाहिले नव्हते. पाहत होतो ते तपासनिसाच्या भीतीने, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करणाऱ्या मुलासारखे. जे काम केवळ तपासनिसासाठी केले जाते, ते तपासनीस नसलेल्या दिवशी होत नाही; आणि संकट तर नेमके त्याच दिवशी येते.

कोणी म्हणेल, शस्त्र आमचे, जीव आमचा; ते अडले तर नुकसान आमचेच. हे आम्हांस पटत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला आमच्या कमरेला काय आहे हे ठाऊक नसते. पण आम्हांस ठाऊक असते. प्रसंगी आपण मध्ये पडू, असे मनाशी ठरवूनच आपण ते घेतले. म्हणजे आपण तिला न सांगता एक वचन दिले आहे. उघड दिलेले वचन मोडले तर लोक जाब विचारतात. न सांगता दिलेल्या वचनाचा जाब मागणारा कोणी नसतो, म्हणून ते अधिक काटेकोरपणे पाळावे लागते.

आमचे अश्केनाझी शेजारी हसून म्हणतात, देवाच्या मनात असले तर केरसुणीसुद्धा गोळी झाडते. म्हण गमतीची आहे, आणि देवाच्या सामर्थ्याविषयी खरीही आहे. पण त्याच देवाने तोरामध्ये, अनुवादाच्या 22 व्या अध्यायात, नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा केली आहे, की कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये. ज्याला वाचवावयाचे त्याला देव कठड्याविनाही वाचवू शकतो. तरी कठडा बांधण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले. भरवसा देवावर ठेवावा, केरसुणीवर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शस्त्र पुसता पुसता माणसाला शस्त्राचा लळा लागतो, असे काहीजण म्हणतात. शब्बाथला तलवार किंवा धनुष्य घेऊन बाहेर पडावे काय, ह्यावर मिश्नामध्ये चर्चा आहे. रब्बी एलिएझर म्हणतात की हे पुरुषाचे अलंकार होत. इतर पंडित म्हणतात, अलंकार कसले, ही तर लाजिरवाणी गोष्ट; आणि येशायाहू नबीने पाहिलेल्या त्या दिवसाकडे ते बोट दाखवितात, ज्या दिवशी तलवारींचे फाळ होतील. आम्ही पंडितांच्या बाजूचे आहोत. पण जी वस्तू अलंकार नाही तिची निगा राखू नये, असे त्यातून निघत नाही. घरच्या मोरीची नळीसुद्धा आपण साफ ठेवतो. तिचे कौतुक करीत बसत नाही. पिस्तुलाची निगा अशीच असावी: वेळच्या वेळी, थोडक्यात, आणि मिरविल्याविना. जो ते पाहुण्यांना दाखवितो त्याने तर निम्मे कर्तव्य तेथेच गमावले.

आता त्या दिवशीची दुसरी गोष्ट सांगतो, जी आम्ही वर सांगितली नाही. त्या तरुणाने पिस्तूल साफ करून परत दिले आणि म्हणाला, "आता स्लाइड मागे ओढा." आपल्याकडे नळीत काडतूस न ठेवता पिस्तूल बाळगण्यास शिकवितात, म्हणजे प्रसंग आला की आधी स्लाइड ओढणे आलेच. आम्ही ओढली, ती अर्ध्यावर येऊन बोटांतून निसटली. पुन्हा ओढली, पुन्हा निसटली. लहान पिस्तुलाची ती ताठ स्प्रिंग आणि आमची संधिवाताची बोटे! स्प्रिंग बदलता येते, बोटे बदलता येत नाहीत.

कठड्याच्या त्याच वचनावरून रब्बी नातान ह्यांनी शिकविले आहे की, घरात दुष्ट कुत्रा पाळू नये आणि मोडकी शिडी उभी करू नये. शिडी दुरुस्त करता येत असेल तर करावी. येत नसेल तर ती घरात ठेवणे हाच दोष. भरवशाच्या दोन बाजू आहेत. चालावयाचे तेव्हा शस्त्र चाललेच पाहिजे, आणि चालू नये तेव्हा ते कदापि चालता कामा नये. दुसरी बाजू तेलाने साधत नाही. ती धरणाऱ्या माणसात असावी लागते. ज्या घरात रोज भांडण आहे, ज्या घरात कोणाचे मन खचले आहे, ज्याला दारूचा नाद आहे किंवा ज्याची दृष्टी मंदावली आहे, त्या घरातील उत्तम तेल दिलेले पिस्तूलसुद्धा मोडकी शिडीच आहे. आणि निरोगी, शूर माणसालाही धोका आहेच. 30 नोव्हेंबर 2023 रोजी यरुशलेमच्या वेशीवर, बसथांब्यावर गोळीबार करणाऱ्यांना अडविण्यास आपले परवान्याचे पिस्तूल घेऊन एक नागरिक धावला. त्यालाच हल्लेखोर समजून एका सैनिकाने गोळ्या झाडल्या आणि त्याचा प्राण गेला. हत्यार हाती घेणारा किती अरुंद वाटेवर चालतो, हे ह्यावरून कळावे.

आम्ही आमचे पिस्तूल रीतसर जमा केले. घरी परतताना कमर हलकी वाटत होती आणि मन जड. आपण आता कोणाच्या उपयोगाचे राहिलो नाही, असे त्या संध्याकाळी वाटले, हे कबूल करतो. पण सकाळी दारातून बाहेर पडताना मेझुझेला हात लावला, आणि ती तरी आपण शेवटची कधी उघडून पाहिली होती, हा विचार मनात आला. त्याच आठवड्यात सोफेरकडे नेऊन ती तपासून आणली. दोन अक्षरे फिकी झाली होती.

ज्यांच्याकडे शस्त्र आहे त्या आपल्या बांधवांना एवढीच विनंती की, ह्या आठवड्यात ते उघडून पाहा. आणि पाहताना ते धरणारा हातही एकदा पाहा. दोन्ही चांगले असतील तर परमेश्वर तुमचे रक्षण करो. दोहोंपैकी एकही नसेल, तर ते परत करण्यात कमीपणा नाही. आणि ज्या दिवशी कोणालाच ते बाळगावे लागणार नाही, तो दिवस आपल्या नातवंडांना दिसो, हीच प्रार्थना. आमेन.