दुर्मिळाचा धनी कोण?

छापखान्याच्या बाल्यावस्थेत निघालेल्या पुस्तकांसाठी मराठी अभ्यासकांनी ‘दोलामुद्रित’ हा नेटका शब्द योजला आहे. दोला म्हणजे पाळणा. मूळ कल्पना लॅटिन भाषेतली असून युरोपात १५०० सालाच्या अखेरपर्यंत छापलेल्या ग्रंथांना पाळण्यातले ग्रंथ मानतात. आपल्याकडे मुद्रण उशिरा रुजले, म्हणून आपला पाळणाही उशिरापर्यंत हलत राहिला. १८६७ साली छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा आला आणि त्या सालापर्यंतची मराठी पुस्तके सामान्यतः दोलामुद्रिते समजली जातात. महसूल खात्यातील नोकरीच्या निमित्ताने चिकोडी, हुक्केरी, खानापूर अशी भ्रमंती घडत असताना ही पुस्तके जमविण्याचा नाद आम्हांस लागला. आज कपाटात अशी चाळीसएक पुस्तके आहेत. त्यांतील बहुतेकांचे मोल पैशांत फारसे नाही. परंतु मुलेबाळे दूरदेशी स्थिरावली, आमचीही सत्तरी जवळ येऊ लागली, आणि या कपाटाचे पुढे काय, या व्यावहारिक प्रश्नातून एक निराळाच प्रश्न वर आला. ज्याला आम्ही आमचे म्हणतो ते कोणत्या अर्थाने आमचे आहे?

संग्राहकाच्या आनंदात एक बोचरी गोष्ट दडलेली असते. पुस्तक आपल्याजवळ आहे एवढ्याने तो आनंद पुरा होत नाही, ते दुसऱ्या कोणाजवळ नाही हे कळले की पुरा होतो. दुर्मिळता म्हणजे अखेर इतर प्रतींचा नाश. कोठे वाळवी लागली, कोठे घर पडले, कोठे सुनेने वाण्याच्या पुड्यांसाठी पाने दिली, तेव्हा आमची प्रत ‘दुर्मिळ’ झाली. निपाणीच्या पेठेत दुसऱ्याच्या वखारीतला तंबाखू भिजला म्हणजे आपल्या मालाला भाव चढतो. परंतु त्याचा आनंद कोणी सभ्य व्यापारी चारचौघांत बोलून दाखवीत नाही. पुस्तकवाला मात्र ‘ही एकच प्रत उरली आहे हो!’ असे मोठ्या कौतुकाने सांगतो आणि ऐकणाराही माना डोलावतो. यात काही चुकते आहे असे कोणास वाटत नाही, याचेच आम्हांस आश्चर्य वाटते.

आणि दुर्मिळता हा पुस्तकाचा उपजत गुणही नव्हे. लॅटिन महाकवी व्हर्जिल प्रथम छापला गेला तो १४६९ साली रोममध्ये. स्वाइनहाइम आणि पानार्त्स हे त्याचे जर्मन मुद्रक बहुधा एका ग्रंथाच्या २७५ प्रती काढीत. आज त्यांपैकी एखादी प्रत विकावयास निघाली तर धनिकांची झुंबड उडेल. पण त्याच मुद्रकांनी १४७२ साली पोप चौथे सिक्स्टस यांच्याकडे मदतीसाठी अर्ज केला होता. घर छापील कागदांनी भरले आहे आणि पोटापाण्याचे मात्र काही नाही, असा त्या अर्जाचा आशय. अर्जासोबत ग्रंथवार प्रतींची यादी जोडलेली होती आणि तिची बेरीज बारा हजारांच्या वर जात होती. आयुष्यभर अर्ज वाचण्यात गेल्यामुळे हा अर्ज आम्हांस विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. आजचे रत्न त्या दिवशी पडून राहिलेला माल होता.

तरीही संग्राहकाची बाजू अगदीच लंगडी नाही. व्हेलेयुस पातेर्कुलुस हा रोमन इतिहासकार घ्या. त्याच्या ग्रंथाची एक जीर्ण पोथी १५१५ साली म्यूरबाखच्या मठात सापडली, तीवरून बाझलला १५२० मध्ये पहिली आवृत्ती छापली गेली आणि पुढे ती पोथी नाहीशी झाली. पहिली छापील आवृत्ती कोणी जपली नसती तर त्या लेखकाच्या शब्दांचा एक मुख्य आधार हरपला असता.

परंतु याच्या नेमका उलट दाखला आपल्या शेजारी गोव्यात आहे. गोव्यात मुद्रणयंत्र आले १५५६ साली, म्हणजे हिंदुस्थानात सर्वांच्या आधी. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांतली एकही प्रत आज ठाऊक नाही. छापलेले सगळे गेले आणि ग्रंथ मात्र जगला. तो जगविला ज्यांना तो वाचावयाचा होता, गावयाचा होता त्यांनी, हाताने नकला करून. गोवा सोडून कानडा किनाऱ्यावर वस्तीस गेलेल्या कुटुंबांनी सामानसुमानाबरोबर ते पुराणही नेले, आणि १९०७ साली मंगळूरला साल्ढाणा यांनी ते हस्तलिखितांच्या आधारे पुन्हा छापले. परमुलखात जाऊन वसलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. त्या माणसांपैकी कोणी स्वतःस संग्राहक म्हणवून घेतले असेल असे वाटत नाही.

म्हणजे वापराने ग्रंथ जगतो, असे म्हणावे काय? तेही सरळ नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग शिळाछापावर छापले आणि पुढे १८४१ पासून खिळ्यांवर. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पुस्तकास शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असे सांगतात. ती पंचांगे घरोघर गेली, वर्षभर हाताळली गेली आणि पाडव्याला नवे आले की जुने निकालात निघाले. शाळेतल्या लहान पुस्तकांची हीच गत झाली. जे सर्वांत अधिक वाचले गेले ते सर्वांत कमी उरले, आणि ज्याला कोणी हात लावला नाही ते पुस्तक कोऱ्या करकरीत अंगाने दीडशे वर्षे फडताळात बसून राहिले. संग्राहकाला हवे असते ते हे दुसरे. ग्रंथाचे आयुष्य आणि प्रतीचे आयुष्य या दोन गोष्टी आहेत. कित्येकदा एकाचे वाढते ते दुसऱ्याचे खर्च करूनच.

आपल्या भागाकडे वळू. निपाणीहून फार दूर नसलेल्या मिरजेत १८०५ साली गीता छापली गेली. तांब्याच्या पत्र्यावर पानभर उलटी अक्षरे कोरून त्यावरून छापण्याची ती रीत. पुण्यात नाना फडणविसांच्या प्रोत्साहनाने काम सुरू झाले, पण ते वारल्यावर तो तांबट कारागीर मिरजेस गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांनी ते काम तडीस नेले. ज्या वर्षी श्रीरामपुरास कॅरेसाहेबांचे मराठी व्याकरण निघत होते त्याच वर्षी कृष्णाकाठी हा उद्योग चालला होता, हे आपल्याकडील किती जणांना ठाऊक आहे? ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी जन्मले १८३१ साली बेळगावात आणि शिकलेही येथेच. ते पुस्तक १८५७ चे, मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गाजलेले. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. तेव्हा या भागातल्या जुन्या वाड्यांत पाळण्यातली पुस्तके निघावीत यात नवल नाही. नवल आहे ते ती निघाल्यावर त्यांचे जे होते त्याचे.

वाडा पाडून इमारत उभी राहावयाची असते. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सापडतो. घरात मोडी कोणास येत नाही, आणि धाकट्या पिढीपैकी काहींना बालबोधही सराईत येत नाही. मग तीन वाटा असतात. एक वेदगंगेची किंवा दूधगंगेची. जीर्ण पोथी नदीत सोडावी, पायदळी येऊ नये. दुसरी रद्दीवाल्याची. तिसरी शहरातून फेरी मारणाऱ्या जुन्या वस्तूंच्या दलालाची. सुशिक्षितांना पहिल्या वाटेचे हसू येते. आम्हांस येत नाही. पोथी नदीत सोडणाऱ्या माणसाने तिला हात जोडलेले असतात; दलालाने फक्त वजन पाहिलेले असते. तरीही नदीची वाट आम्हांस मान्य होत नाही, याचे कारण वेगळे आहे. तो गठ्ठा आपल्याच देवघराचा, त्याचा शेवट करणे आपल्याच हातात, असे ते श्रद्धाळू कुटुंब गृहीत धरते. कोट्यधीश संग्राहकही तिजोरीत प्रत कोंडताना हेच गृहीत धरतो. ज्याला ते पुस्तक पाहण्याची उद्या गरज पडेल असा कोणी अनोळखी माणूस दोघांच्याही हिशेबात नाही.

जुन्या मराठी व्यवहारात मालकी आणि वतन यांत फरक होता. वतन पिढ्यानपिढ्या घरात राही, मान असे, उत्पन्न असे, पण त्यामागे चाकरी बांधलेली असे. दुर्मिळ पुस्तक हे आम्हांस वतनासारखे वाटते. (वतनदारांनी चाकरी विसरून उत्पन्नच तेवढे लक्षात ठेवले म्हणून वतने गेली, हेही तितकेच खरे.) दफ्तरखान्यात काम केलेल्या माणसास ही कल्पना अंगवळणी पडलेली असते. शंभर वर्षांची सनद हाताखाली असते, पण ती आपली आहे असे स्वप्नातही येत नाही. बदली झाली की यादी करून, एकेक कागद मोजून, नव्या माणसाची सही घेऊन चार्ज द्यावयाचा. यादीशिवाय दिलेला चार्ज हा चार्जच नव्हे.

मग सगळे उचलून एखाद्या संस्थेस द्यावे आणि मोकळे व्हावे, असे मित्र सुचवितात. ज्यांना संस्थांचा अनुभव नाही त्यांना हे सोपे वाटते. संस्थाही माणसांच्याच असतात. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील हजारो पुस्तके पाण्यात गेली. तो कोणाचा दोष म्हणावा? पण दोष असावा असेही प्रकार असतात. एका ग्रंथालयास आमच्या परिचिताने दिलेले गठ्ठे आठ वर्षांनी जिन्याखाली जसेच्या तसे, दाखल नोंदीविना आढळले. शिवाय आपल्या भागाचा एक वेगळा पेच आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दोलामुद्रितांचा नामांकित संग्रह आहे, तेथे पुस्तक अधिक सुरक्षित राहील हे कबूल. परंतु बेळगावातले जे जे चांगले ते मुंबई-पुण्यास पाठवीत राहिलो, तर येथे मराठी वाचली जात होती याचा पुरावा येथे काय उरेल? सीमाप्रश्नाच्या सभांतून भाषेविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याच भाषेचे कागद माळ्यावर कुजत असताना कोणी शिडी लावीत नाही, हे लिहिताना आम्हांस कडूपणा टाळता येत नाही.

या प्रश्नाची एक बाजू आम्हांस अलीकडे अधिक स्पष्ट दिसू लागली आहे. आता राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी कितीतरी दुर्मिळ मराठी ग्रंथांच्या संगणकीय प्रती सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी शिळाछापावर काढलेली ज्ञानेश्वरी असो वा दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे व्याकरण, मजकुरापुरते पाहिले तर एका प्रतीवर सर्वांचे भागते. दादोबांनी ते व्याकरण १८५० आणि १८५७ मध्ये पुन्हा काढले, म्हणून पहिल्या आवृत्तीस स्वतंत्र मोल आहे. पण ते मोलही छायाप्रतीत उतरते. जे एका प्रतीवरून दुसऱ्या प्रतीत उतरत नाही ते निराळेच असते. मुखपृष्ठामागची मोडी सही, गावाचे नाव, दिलेली किंमत, समासात पेन्सिलीने लावलेला अर्थ, अडलेल्या शब्दाखालची रेघ. युरोपातील धनिक संग्राहकांनी एके काळी जुन्या लॅटिन ग्रंथांची पाने धुऊन काढली, कडा कापल्या, उंची चामड्यात नव्याने बांधली, कारण त्यांना स्वच्छ प्रत हवी होती. चारशे वर्षांच्या वाचकांची अक्षरे त्यांनी पाण्यात सोडली. आमच्याकडचा दलालही हेच सांगतो, की पहिले लिहिलेले पान नसते तर दोन पैसे अधिक मिळाले असते.

आम्ही याच्या उलट मानू लागलो आहोत. इतर प्रती नष्ट झाल्या म्हणून जी दुर्मिळता येते तीत आमचे कर्तृत्व नाही आणि तिचा अभिमानही शोभत नाही. पण ही प्रत या गावात, या माणसाने वाचली, ही तिची एकुलती गोष्ट कोणाच्या नुकसानीवर उभी नाही. उद्या त्याच आवृत्तीच्या शंभर प्रती सापडल्या तरी ती उणावणार नाही. आणि ही गोष्ट जपावयाची तर पुस्तकाबरोबर तिची नोंद गेली पाहिजे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची रचली. त्यांनी त्या नोंदी सर्वांसाठी छापून ठेवल्या, आणि त्यांच्या खांद्यावर उभे राहिल्याशिवाय आज कोणाचे पाऊल पुढे पडत नाही. पुस्तके अडवून बसलेल्या अनेक नामवंतांपेक्षा आम्ही त्यांना थोर मानतो.

तेव्हा गेल्या पावसाळ्यापासून आम्ही चिठ्ठ्या लिहावयास घेतल्या आहेत. पुस्तक, साल, छापखाना, पाने, कोणत्या गावच्या कोणत्या घरातून आले, आणि आत हाताने जे जे लिहिले आहे ते सर्व बालबोधीत उतरवून. मोडी वाचणारे आमच्या माहितीत या भागात चारपाचच उरले आहेत, म्हणून हे काम आधी. एक प्रत बेळगावात, एक मुंबईत अशा दोन यादी ठेवण्याचा विचार आहे. पुस्तके कोठे राहावीत हे त्यानंतर ठरेल. काल परशुरामतात्या गोडबोल्यांच्या ‘नवनीता’ची, १८५४ च्या पहिल्या आवृत्तीची, चिठ्ठी झाली. चिकोडी तालुक्यातल्या एका घरातून आलेली प्रत, पाठकोरा कागद पिवळा पडलेला. पहिल्या पानामागे मोडीत उसनवारीच्या दोन नोंदी आहेत, पुस्तक कोणी कोणत्या तिथीस नेले याच्या. पहिल्या नोंदीपुढे ‘परत आले’ असा शेरा आहे. दुसरीपुढे नाही.