स्नेह जोडतो की अंतर राखतो?

मायेला स्नेह म्हणतात आणि आयुर्वेदात तेला-तुपालाही स्नेहच म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त चोवीस गुणांमध्ये स्नेहही मोजला. कोरड्या पिठाचा गोळा ज्यामुळे वळतो तो स्नेह, आणि त्याचं घर फक्त पाणी. म्हणजे स्नेह चिकटवतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ कुठेच स्नेहात गुंतत नाही, त्यामागेही याच चिकटण्याची धास्ती आहे. चिकटवणं एवढंच स्नेहाचं काम असेल, तर मोक्षाच्या वाटेवरच्या माणसाने त्याच्यापासून दूर राहिलेलंच बरं.

इंजिनातलं तेल मात्र वेगळी साक्ष देतं.

1883 साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगचा अभ्यास करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्याच भोकातून तेल उसळून वर आलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला आणि काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे, मापकाच्या टोकाला गेला. तिथे पंप नव्हता. खाली तेलात बुडालेली आस फिरता फिरता तेल स्वतःबरोबर ओढून नेत होती आणि त्या पाचरीसारख्या पातळ थरावर वरचा सगळा भार तरंगत होता. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं.

आजच्या वेगवान गाडीतही इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, असाच तरंगतो. पंप तेल बेअरिंगपर्यंत पोचवतो, पण भार तोलणारा दाब क्रँकच्या फिरण्यातून निर्माण होतो आणि तो पंपाच्या दाबाच्या कित्येक पट असतो. दोन धातू जन्मभर शेजारी नांदतात, कारण मधला स्नेह त्यांना एकमेकांना लागू देत नाही. तो थर केसाहून कितीतरी पातळ. अन्नंभट्टाच्या व्याख्येला ही बाजू जोडायलाच हवी: स्नेह जवळ आणतो आणि त्या जवळिकीत अंतरही राखतो. गुंतणं वेगळं, स्नेह वेगळा.

हा थर तुटतो कसा, ते शर्यतीच्या ट्रॅकवर दिसतं. लांब वळणावर गाडीला गुरुत्वाकर्षणाइतका आडवा ओढा बसला, की इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो. तेल एका भिंतीला चढतं, पंपाची नळी हवा ओढते, दाबाचा काटा कोसळतो. काही सेकंदांत बेअरिंग खलास. म्हणून 2006 च्या कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्स या स्पोर्ट्स कारला ड्राय संप दिला गेला, म्हणजे तेलाची वेगळी टाकी.

यावर उपाय म्हणून कुणी चेंबर काठोकाठ भरलं, तर क्रँक तेलात आपटतो, फेस होतो आणि दाब पुन्हा ढासळतो. आहार-विहारात अतिरेक आणि उपासमार दोन्ही टाळायला सांगणारा गीतेचा सहावा अध्याय इथे शब्दशः लागू पडतो.

तेलाची पातळी मोजण्याची रीतही विचार करायला लावते. साध्या गाडीत इंजिन बंद करून थोडं थांबायचं, तेल मोजायची दांडी काढून फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची. ड्राय संपच्या अनेक गाड्यांत मात्र इंजिन तापवूनच मोजावं लागतं. रात्रभर उभ्या गाडीत तेल टाकीतून खाली झिरपतं आणि सकाळी दांडी कोरडी निघते. इंजिन चालून गरम झालं, तेल टाकीत परतलं, की त्याच दांडीवर दोन खुणांच्या मधोमध तेलाची ओली रेघ उमटते.