चावी माझ्या हातात होती

पुतणीच्या साखरपुड्याचं जेवण आटोपलं होतं. रात्रीचे साडेदहा. अंगणात पोरं खुर्च्या एकात एक रचत होती. विर्नोड्याला राहणारा माझा चुलतभाऊ जायला उठला आणि खिशातून काढताना स्कूटरची चावी त्याच्या हातून निसटली. वाकून ती मीच उचलली. तो उंबऱ्याशी अडखळला होता, ते मी पाहिलं होतं. दुपारपासून त्याने किती ग्लास घेतले, तेही मला ठाऊक होतं, कारण त्यातले दोन मीच भरले होते.

त्याने तळवा पुढे केला. "हांव बरो आसां, दादा. कांय जावचें ना."

व्याही मंडळी अजून ओट्यावर बसली होती. त्यांच्यादेखत त्याला अडवावं, चारचौघांत त्याचा अपमान करावा, हे माझ्याने झालं नाही. मी चावी त्याच्या हातावर ठेवली.

मी शिक्षक आहे. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात मुलांना मी शपथ देतो. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणं हा गुन्हा आहे, पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे मी फळ्यावर लिहून देतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. नशेत ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद जरी उशीर झाला, तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते, हे गणित मी मुलांकडून सोडवून घेतो. लिंबूपाणी, कॉफी, डोक्यावर थंड पाणी, यांनी दारू लवकर उतरत नाही, यकृत आपल्या गतीनेच काम करतं, हेही सांगतो. हे सगळं मला त्या रात्रीही येत होतं. अडलं ते ज्ञानापाशी नव्हतं.

अकराच्या सुमारास वहिनीचा फोन आला. "पावलो," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "भाऊजी, स्कूटरचा डावा आरसा नाही. हँडलला गवत अडकलंय. कुठे काय लागलं विचारलं तर त्यांना आठवत नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. कुठे काय लागलं? की कोणाला? उजाडायच्या आधी बॅटरी घेऊन मी निघालो. विर्नोड्याच्या दिशेने, रस्त्याच्या डाव्या कडेने, गटारात उजेड टाकत, झुडपं बाजूला सारत चालत राहिलो. गटारात प्रत्येक काळं काही दिसलं की छातीत धस्स व्हायचं. एकदा सिमेंटचं रिकामं पोतं होतं, एकदा निजलेलं कुत्रं. शेवटी एका वळणावर चिऱ्याच्या गडग्याशी आरशाचे तुकडे सापडले. चिऱ्यावर रंगाचा ताजा ओरखडा होता. माणूस नव्हता. गडगा होता.

मी तिथेच मटकन बसलो. देवाचे आभार मानले. आणि त्याच बैठकीत माझी मला लाज वाटली. तिथून वीसेक पावलांवर बसथांबा होता. म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्या दोन बायका पाट्या घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या. गवंडीकामाला निघालेला एक मुलगा सायकलवरून गेला. रात्री साडेदहाला तिथे कोणी नव्हतं, यात माझं कर्तृत्व काय? पण त्याच्या हातावर चावी ठेवली, ते माझंच काम होतं.

तेव्हापासून एक प्रश्न मी स्वतःला विचारतो आहे. आम्ही नेमका विरोध कोणाला करतो?

गेल्या काही वर्षांत आमचं गाव, धारगळ, बदललं. चौपदरी महामार्ग झाला. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव आमच्या गावात आला. त्याआधी गावात दोन तट पडले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मीही विरोधात होतो. बाहेरचे येतील, पितील, आमच्या रस्त्यांवर गाड्या भरधाव हाकतील, असं मी पोटतिडकीने बोललो होतो. ते बोलणं मी आजही मागे घेत नाही. पण बाहेरच्याला बोलताना माझा आवाज चढला आणि घरच्यापुढे तो फुटलाच नाही, हे मला नाकारता येत नाही.

६ ऑगस्ट २०२३ ला बाणस्तारीच्या पुलावर एका भरधाव गाडीने तीन जीव घेतले. चालक प्यालेला होता, असा आरोप झाला. सारा गोवा हळहळला, चिडला. रात्रीच्या तपासण्या वाढल्या, नाक्यानाक्यावर अल्कोमीटर दिसू लागले. प्यालेल्या गिऱ्हाइकाला घरी पोचवण्याची जबाबदारी बारमालकाने घ्यावी, अशी भाषा सरकारनेही केली. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतच्या दारूविक्रीवर बंदी घातली होती. पुढे तिच्यात सवलती आल्या. हे सगळं नाक्यासाठी, दुकानासाठी, बारसाठी. माझ्या अंगणात ना कोणी परवाना विचारतो, ना तिथे अल्कोमीटर येतो. एप्रिल-मे हा आमच्याकडे हुर्राकाचा हंगाम. काजूच्या रसाची ही पहिली धार फेणीपेक्षा सौम्य. तीत लिंबू पिळलं, मीठ आणि चिरलेली मिरची घातली की सरबतासारखी घशाखाली उतरते. 'हुर्राक म्हणजे काय दारू?' असं म्हणत आम्ही ती पाहुण्यापुढे ठेवतो. ती ठेवणारा हात यजमानाचा, म्हणजे माझा.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. भिडेपोटी माणूस कंगाल होतो, एवढाच त्याचा अर्थ मला शाळेत कळला होता. त्या वळणावर बसल्यावर कळलं की भिडेपोटी माणूस दुसऱ्याचा जीवही देऊन बसतो, आणि वर त्याला आतिथ्य म्हणतो. भावाचा मान राखला, असं मी मनाला सांगत होतो. खरं तर मी जपत होतो ते माझं नाव. चारचौघांत 'मास्तर फार शिष्ट' असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

आमच्या पेडणे महालात वाड्यावाड्याला राखणदार असतो. रात्री तो हातात दांडा घेऊन वेस फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी श्रद्धा. मी लहान असताना आजोबा त्याला रोट द्यायचे, तेव्हा मीही हात जोडायचो. आज वाटतं, राखण त्याच्यावर सोपवून आम्ही मोकळे झालो. वाट चुकलेल्याला घरी पोचवायचं काम माणसालाही करता येतं.

बेल्जियममध्ये १९९५ पासून एक मोहीम चालते. मित्रांच्या टोळक्यात त्या रात्री जो पिणार नाही आणि सगळ्यांना घरी सोडणार, त्याला तिथे 'बॉब' म्हणतात. न पिणाऱ्याला एक नाव दिलं आणि त्या नावाला मान दिला, हे मला फार मोलाचं वाटतं. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला दारूऐवजी दूध वाटणारे कार्यकर्तेही हेच करतात. 'नको' म्हणणाऱ्याला ते एकटं पडू देत नाहीत.

यंदा धाकट्या भावाच्या घरी बारसं होतं. जेवणाआधीच मी सगळ्यांना सांगितलं, जो पिणार त्याने चावी माझ्याकडे द्यावी. दारात एक सूप ठेवलं. बोलताना माझा आवाज कापत होता. काही हसले, बहुतेकांनी चाव्या टाकल्या. एक नातेवाईक रागावून न जेवता गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्या रात्री मी झोपलो. व्हॅनच्या तीन खेपा केल्या, ओझरी, तांबोसे, विर्नोडा. चुलतभाऊ शेवटच्या खेपेत होता. वाटेत तो वळणाचा गडगा आला. मी गाडी हळू केली, काही बोललो मात्र नाही. ते बोलणं अजून माझ्याकडून राहिलं आहे, आणि तीही भीडच.

विर्नोड्याला वहिनी पायरीवर बसलेली होती. मी तिची माफी मागितली, साखरपुड्याच्या रात्रीची. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "माफी नको, भाऊजी. परत कधी असं झालं तर चावी देऊ नका. मला फोन करा. मी चालत येईन, पण त्यांना गाडीवर बसू देऊ नका."

विर्नोड्याहून धारगळला रात्री एकटी बाई चालत येईल. आणि मला चार माणसांच्या नजरेला नजर देता आली नव्हती.