गोळी कुणाची?

२०२० च्या मे महिन्याची अखेर. भाची मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवर आशा सेविका. आत्या शहापूर तालुक्यात, किन्हवलीकडे. ही दोन माणसं मी कल्पिलेली आहेत, पेच मात्र तेव्हा घरोघरी खरा होता. आत्याला ल्युपस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर, सांध्यांवर, कधी मूत्रपिंडांवर उठते. ऊन लागलं की गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा येतो. तिला रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लागते. २३ मार्चला आयसीएमआरने हीच गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांना करोना टाळण्यासाठी सुचवली. त्याच दिवसापासून लोकल बंद, म्हणजे आसनगावहून मुंबईच्या दवाखान्याची वाटही बंद.

भाची : आत्या, गोळ्या किती उरल्यात गं?

आत्या : तीन पाकिटं. मेडिकलमधून दोनदा चिठ्ठी दाखवून हात हलवत परत आले.

भाची : एक देशील? २२ तारखेच्या नव्या सूचनेत प्रतिबंधित भागात सर्वेक्षण करणारेही आलेत. आमची वाडी परवा सील झाली. गोळ्या काही पोचल्या नाहीत.

आत्या : त्यानं करोना टळतो, हे कुणी तपासलंय?

भाची : तपासतायत म्हणे. तोवर मी काय करू? तुझा चेहरा तर आता स्वच्छ आहे.

आत्या : गोळीमुळे स्वच्छ आहे, बाई. तिनं काम चोख केलं, म्हणून ती मला नको झाली का?

भाची : महिनाभर नाही घेतलीस तर लगेच काय होणार आहे?

आत्या : लगेच काहीच नाही, त्याचीच भीती वाटते. ती अंगात कितीतरी आठवडे मुरलेली असते. लावणीच्या दिवसांत चट्टे उठतील, बोटं वळणार नाहीत, आणि तेव्हा दिलेलं पाकीट कुणाला आठवणार नाही. उन्हात गेली असेल, म्हणतील.

भाची : मी पडले तर दीडशे घरांत कोण जाणार?

आत्या : दीडशे घरं पारड्यात घातलीस, पण ती या गोळीनं वाचतात हे कळल्याशिवाय घालायची कशी? उद्या कळलं, तर अर्ध्या गोळ्या तुझ्या. चट्टे मी सोसेन.

भाची : आणि कळेपर्यंत मी मरायचं?

आत्या : (बराच वेळ गप्प) याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुला ज्यांनी घरोघर पाठवलं, त्यांनी धड मास्क आणि हातमोजे द्यायचे होते. ते मिळाले नाहीत, म्हणून तुझी नजर माझ्या डब्यावर आली.

भाचीनं पुन्हा मागितलं नाही. आत्याला रात्रभर झोप लागली नाही, असंच मला वाटतं. असा नकार देणाऱ्याला लागूही नये.

३ जूनला, निसर्ग वादळ कोकण किनाऱ्यावर आलं त्याच दिवशी, मिनेसोटा विद्यापीठाच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. बाधितांच्या संपर्कात आलेल्या ८२१ जणांमध्ये या गोळीनं आजार टळल्याचं दिसलं नाही. निकाल उलटा आला असता, तरी त्या रात्रीचा आत्याचा नकार मी बरोबरच म्हटला असता. तिच्या दुखण्यावर ही गोळी १९५० च्या दशकापासून दिली जाते.