पाण्याचा तांब्या

नवरात्रात आमच्या आत्याच्या अंगात यायचं. केस मोकळे, कपाळभर मळवट. ती घुमायला लागली की माझे वडील, तिचे थोरले भाऊ, हात जोडून तिला 'आई' म्हणायचे. कौल झाला, अंगारा वाटून झाला, की ती सैल पडायची. मग तेच वडील तांब्या पुढे करून म्हणायचे, "अगं, आधी पाणी पी." थोड्या वेळानं आत्या चुलीपुढे भाकऱ्या थापत असायची.

व्हिन्स टेलर या रॉक गायकाची हकिगत वाचताना तो तांब्या डोळ्यांपुढून हलेना.

खरं नाव ब्रायन होल्डन. जन्म १९३९ चा, लंडनच्या उपनगरातला. लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेत गेला. 'व्हिन्स' हे नाव त्यानं पॉल मॉल सिगारेटच्या पाकिटावरच्या लॅटिन ओळीतून उचललं, असं सांगतात. ती ओळ मूळची सम्राट कॉन्स्टंटाइनला झालेल्या क्रुसाच्या दर्शनाच्या कथेतली. लंडनला परतल्यावर १९५९ मध्ये त्यानं 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' हे गाणं काढलं, पण इंग्लंडनं फारसं विचारलं नाही. १९६१ मध्ये तो पॅरिसला गेला. काळं चामडं, गळ्यात साखळी. फ्रेंच पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढं दारू, एलएसडी. १९६५ च्या सुमारास पांढरा झगा घालून तो सांगू लागला, मी देवाचा पुत्र आहे.

हे वेड की साक्षात्कार, असं लोक विचारतात. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. 'अहं ब्रह्मास्मि' तर बृहदारण्यकातच आहे. पण तिथला 'अहं' जाणेल त्या प्रत्येकाचा आहे, एकट्याच्या मालकीचा नाही. टेलरचा 'मी' एकटा पडला. रॉकच्या स्टेजवर देव अंगात यायची सगळी तयारी असते: अंधार, ड्रम, हजारो गळ्यांचा आवाज. तो उतरवायची रीत मात्र नसते. आमच्या वाड्यात ती होती, आणि तिला मी श्रद्धेइतकंच मोठं मानते.

त्याला भेटलेल्या डेव्हिड बोवी या गायकानं त्याच्यावरून १९७२ मध्ये झिगी स्टारडस्ट हे पात्र उभं केलं आणि जग जिंकलं. टेलर शेवटी स्वित्झर्लंडमध्ये विमानांचा मेकॅनिक झाला. १९९१ मध्ये, बावन्नाव्या वर्षी गेला, ल्युट्रीला पुरलाय. विमानाच्या कामात एकेक बोल्ट ठरल्या जोरानंच आवळावा लागतो, कमी नाही की जास्त नाही. ग्रीसनं माखलेल्या त्या माणसाला दुपारी कोणीतरी जेवायला हाक मारली असेल, नुसतं 'ब्रायन' म्हणून, असं मला फार वाटतं.